रुमालाखालचा सौदा

"हात काढ बाहेर, पोरी! बाईमाणसानं रुमालाखाली हात घालत असतेत व्हय?"

कारभारी असा ओरडला की त्याच्या तोंडातलं पान बाहेर पडलं. शेजारचे दोन बैल रवंथ थांबवून बघायला लागले. बैलांना काय कळलं असेल ते असो, पण जालन्याचा अख्खा जनावरांचा बाजार तिथं गोळा झाला.

बेबीनंदानं हात काढला नाही. तिच्या बापाच्या, रखमाजीच्या, हातावर मळका गुलाबी रुमाल होता. त्या रुमालाखाली तिचा उजवा हात गेला होता.

रखमाजी बैलांचा दलाल. या बाजारात भाव तोंडानं बोलायचा नाही. हातावर रुमाल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं धरायची. जितकी बोटं, तितके शेकडे. मूठ धरली की पाच. दोघांचं काय ठरलं, ते तिसऱ्याच्या बापाला कळत नसे. रखमाजीच्या बोटांची कीर्ती तर अशी, की घनसावंगीचा एक गडी बैल विकायला आला, त्याचं करंगळीचं टोक रखमाजीनं नुसतं चाचपलं आणि "बायकोनं चारशेच्या खाली देऊ नको म्हणून सांगितलंय ना?" असं विचारलं. गडी बैल तिथंच सोडून पळाला म्हणतात. दोन कोस गेल्यावर बैलाची आठवण आली.

गावात ज्यांना रखमाजीच्या हातचं पाणी चालत नसे, ते बाजारात त्याची बोटं घट्ट धरून घटका घटका उभे राहत. "रुमालाखाली जात नसती बुवा," असं रखमाजी हसत म्हणायचा आणि रुमाल झटकायचा.

त्याची पोरगी बी. कॉम. झाली. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनच वर्षं झाली होती, आणि एका आठवड्यात घरात दोन पत्रं येऊन पडली. एक बँकेचं, कारकुनाच्या नोकरीचं. दुसरं पुण्याहून, एम. बी. ए.च्या प्रवेशाचं. सोमवारी दोन्हीकडं हजर व्हायचं होतं. आठ दिवस घरात नुसती धुमश्चक्री. रखमाजी म्हणे पुणं. आई चतुराबाई म्हणे बँक. ती जिनिंगच्या कारखान्यात कापूस उपसायची आणि रात्रभर खोकायची.

बेबीनंदानं मनाशी बँक ठरवली होती. पहिल्या महिन्यात आईचं जिनिंग सुटलं असतं. आणि दोन वर्षं पुण्यात घालवून करायचं काय? आपल्या वस्तीतल्या पोरीला साहेबाच्या खुर्चीवर बसवणारा कारखानदार अजून जन्माला यायचा होता. घरी बापाच्या तोंडावर 'नाही' म्हणवेना, म्हणून बाजारातच उभ्याउभ्या सांगून मोकळं व्हावं, अशा विचारानं ती आली होती. तर तिथं कारभारी. भोकरदनकडचा शेतकरी, रखमाजीचं जुनं गिऱ्हाईक.

"ते एमबीए म्हंजे काय असतंय गं?"

"धंदा कसा करायचा ते शिकवतेत, काका."

"धंदा? अन् त्याला कालेज? मंग तुझ्या बापालाच मास्तर करा की! लंगडा बैल इकताना म्हणतो, नाचरा हाय!"

लोक खदखदून हसले. रखमाजीही हसला. बेबीनंदा त्याच्या कानाशी लागली. "आबा, बाजूला या. ठरलं माझं."

"इथं तोंडानं बोलू नको, कान लई हायत," रखमाजी पुटपुटला आणि त्यानं रुमाल टाकला. "दोन बोटं धरली तं पुण्याची दोन वर्षं. मूठ धरली तं बँक. पण एक ध्यानात ठेव. दलालानं मोठ्यानं सांगितलं की सौदा फिरत न्हाई."

आणि तिनं हात घातला, आणि कारभारीचं पान पडलं.

बेबीनंदानं बापाची चारी बोटं अंगठ्यासकट धरली आणि आवळली. मूठ. बँक. रखमाजी तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होता. मग त्यानं मान डोलावली आणि आरोळी ठोकली.

"झाला सौदा! दोन वर्षं! पोरगी पुण्याला चालली हो!"

बेबीनंदाच्या डोक्यात वीज पडल्यासारखं झालं. बापानं फसवलं! भर बाजारात, सख्ख्या पोरीला! तिनं रागानं त्याच्या तर्जनीत नख रुतवलं. चांगलं खोल. रखमाजी कारभारीशी हसून बोलत राहिला. तिनं आणखी दाबलं. त्याची पापणीसुद्धा हलली नाही.

रुमाल जरा सरकला. तर्जनीवर रक्त आलं होतं.

तिनं बापाकडं बघितलं, त्या बोटाकडं बघितलं. ज्या बोटांवर घर चालत होतं, त्यांना काहीच कळत नव्हतं.

"काय गं, राजी हायस ना?" कारभारीनं विचारलं. "का बापानं दाबून केलं?"

चाळीस माणसं तिच्याकडं बघत होती. मी मूठ धरली होती, एवढं म्हणायचीच खोटी होती. तेवढ्यानं रखमाजीचा हात पुन्हा कुणी धरला नसता.

तिनं रुमाल बापाच्या हातावर ओढला, नीट गुंडाळला.

"बराबर हाय, काका," ती म्हणाली. "दोन वर्षं."

दोघं जनावरांच्या हौदाजवळ आले.

"कवापासून?"

रखमाजीनं आढेवेढे घेतले नाहीत. "मागल्या पोळ्यापासून. दवाखान्यात गेल्तो, बोटाच्या शिरा मेल्यात म्हणले. गोळ्या खाऊन राह्यलो. पुढं वाढायचं न्हाई म्हणतेत. गेलेलं मातर येत न्हाई."

"अन् सौदे?"

"डोळे बघून. बोटानं माणूस खोटं बोलंल, डोळ्याला न्हाई जमत."

"मी मूठ धरली व्हती, आबा."

"धरली असशील. मला काय ठावं? तुझे डोळे तं पुणं पुणं करून राह्यल्ते."

तिला रडू येईना, हसूही येईना. "अन् माय? तिचं जिनिंग?"

"तिच्या जागी मी जाईन. मुकादमाशी बोलून आल्तो परवाच. कापूस उपसायला बोटाला कळावं लागत न्हाई." तो थांबला. "ह्यो धंदा तसाबी किती दिस चालला असता? आज ना उद्या एखादा डोळे मिटून सौदा करणारा भेटला असता."

"रक्त आलंय तुमच्या बोटाला," ती म्हणाली. "धुवा."

"हां हां," म्हणत रखमाजीनं रुमाल सोडून हात हौदात बुडवला. त्याची नजर बाजाराकडं होती. तिकडं कारभारी दुसऱ्याच दलालाच्या रुमालाखाली हात घालत होता. ते बघत बघत रखमाजीनं मधलं बोट चोळून चोळून धुतलं.

बेबीनंदानं त्याचा हात हातात घेतला आणि तर्जनी धुतली.