पडद्याआडची दुतार

“माझं नाव कुठाय रे ह्यात?” मुकर्रमने भावाचं पुस्तक त्याच्याचपुढे आपटलं, तसा पेल्यातला हिरवा चहा खाली अंथरलेल्या दस्तरखानावर सांडला.

होशिमने खरबुजाची फोड तोंडात घातली. “आहे की. पान नऊ. ‘मला एक बहीणही आहे.’”

“बहीण‘ही’! केवढे उपकार!”

मर्गिलान शहराच्या बाजारात आठवडाभर ह्याच पुस्तकाचा विषय होता. वादकांच्या घरात जन्मलेला एकमेव बेसूर मुलगा पुढे विनोदी नट झाला, त्याच्या आठवणी. नानवाला भट्टीपाशी पानंच्या पानं वाचून दाखवी आणि गिऱ्हाइकं पोट धरून हसत. मुकर्रम एकतीस वर्षं रेडिओच्या वाद्यवृंदात मागच्या ओळीत दोन तारांची दुतार वाजवत आली होती. आता बाजारात लोक तिलाही ओळखू लागले होते, ‘होशिमची बहीण’ म्हणून. ते ऐकलं की ती सौदा तिथेच टाकून चालू लागे.

“पान एकशेबारा काढ,” ती म्हणाली. “मावशीच्या लग्नात बाबा बसल्या जागी पेंगले नि दुतार आपोआप वाजत राहिली म्हणे! अरे, बाबांची बोटं दारात चिरडली होती. ते नुसता हात हलवत होते. पडद्याआड, बायकांत बसून कोण वाजवत होतं?”

“तू.”

“मग?”

“बाबांनी मला नानवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती, कुणाला सांगू नकोस म्हणून.”

“बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली.”

होशिमने पुस्तक बाजूला सरकवलं. मग बोलला तेव्हा आवाजात नाटक नव्हतं. “जळलो, आपा. चौदा वर्षांची तू, नि तुझ्या वाजवण्यावर म्हातारे रडत होते. मी लहान म्हणून बायकांतच, तुझ्या शेजारी होतो. वाटत होतं, हिची तार तुटू दे. लिहितानाही तुझ्या नावापाशी हात अडायचा.”

मुकर्रम बघतच राहिली. आपला हेवा करणारं जगात कुणी असेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिला आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाजही वाटली.

“संध्याकाळी नाट्यगृहात वाचणार आहेस ना?” ती म्हणाली. “तिथे खरं सांग.”

संध्याकाळी मुकर्रम ठेवणीतला रेशमी झगा घालून तिसऱ्या रांगेत बसली. होशिमने पान एकशेबारा वाचलं. हशा पिकला. त्याने पुस्तक मिटलं.

“हे खोटं आहे,” तो म्हणाला. “बाबा पेंगले नव्हते. पडद्याआड माझी बहीण वाजवत होती.”

 संध्याकाळभरात झाला नव्हता एवढा हशा उसळला.

“अहो, खरंच! ही मुकर्रम, चौदा वर्षांची होती!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी शिट्टी मारली. होशिम घामेजला होता. छातीवर हात ठेवून तो तिच्याकडे बघत राहिला. लोक त्या आविर्भावालाही हसले.

शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, “काय काय सुचतं हो ह्या माणसाला!”

“लहानपणापासून असाच आहे,” मुकर्रम म्हणाली, आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवू लागली.