नष्ट केलेले दूध

गोठ्याच्या अहवालातील वाक्य असे आहे : ‘कासदाह झालेल्या म्हशींच्या सडांत पेनिसिलिनच्या ट्यूब सोडल्यानंतर, नियमानुसार, चार दिवसांचे दूध संस्थेने गोठ्यामागील खड्ड्यात ओतून नष्ट केले.’ वाक्य निर्दोष आहे. त्यात कर्ता आहे, कर्म आहे, नियमही आहे. नाही तो फक्त खड्डा.

पर्वत पाटियाजवळच्या त्या धर्मादाय गोठ्यात मी एका मुलीच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या समितीचा औषधशास्त्रज्ञ म्हणून जाऊन खड्डा कुठे आहे ते विचारले, तेव्हा शेणाच्या घमेल्याशी बसलेल्या कलाबाई हसल्या.

“खड्डा? तो गेल्या दिवाळीतच फरशी टाकून बुजवला, साहेब. त्यावर मी गोवऱ्या थापते. चार दिवस दूध ओतलं असतं तर माश्यांनी मला उचलून नेलं असतं.”

“मग दूध गेलं कुठं?”

“ते मोठ्या लोकांना विचारा. मी शेणाची बाई, दुधाची नाही.”

दूध उधन्याच्या कामगार वस्तीत गेले होते. तिथल्या एका खोलीत रंजना राहते. नवरा योगराज लूमवर, कापडाच्या यंत्रमागावर, कामाला. त्यांची सहा वर्षांची दिपाली तान्ही असताना पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनाने मरता मरता वाचली होती. ‘हे औषध पुन्हा कधीही देऊ नये’ असे डॉक्टरांनी लिहून दिलेले कार्ड रंजनाने प्लास्टिकमध्ये मढवून मुलीच्या दप्तराला बांधले होते. मे महिन्यातल्या एका सकाळी दिपाली पेलाभर दूध प्यायली. अर्ध्या तासात ओठ सुजले, गळा आवळला. रिक्षा दवाखान्यापर्यंत पोहोचली, मुलगी पोहोचली नाही. कागदावर कारण लिहिले गेले : दूषित अन्न. ज्या घरात अन्न एकच बाई शिजवते, तिथे हे दोन शब्द आरोपपत्राचे काम करतात. सासूने, मंगलाबाईंनी, त्याच दिवशी चूल आपल्याकडे घेतली. दिपालीच्या धाकट्या भावाला आईच्या हातचे पाणीही मिळू दिले जात नव्हते.

“दूध कोणाकडचं होतं?” मी रंजनाला विचारले.

“गोठानी गाडी येल व्हती, साहेब. फुकट वाटत व्हतात.” रंजना माझ्याकडे पाहत नव्हती. “दोनदा उकाळी दिधं मी. त्यामा काय व्हतं, इतलंच सांगा.”

“भांडंच धुयेल नही व्हई,” मंगलाबाई चुलीपाशी बसूनच म्हणाल्या.

रंजनाने होकारार्थी मान हलवली. तिलाही ते पटू लागले होते.

उकळल्याने जंतू मरतात, पेनिसिलिन नव्हे, हे मी तीस वर्षे वर्गात शिकवले आहे. बेकायदा का होईना, ते दूध विकले असते तर टँकरच्या हजारो लिटरांत विरून गेले असते आणि कदाचित मुलगी वाचली असती. ते दान होते, म्हणून त्यात कुणी काही मिसळले नाही. पण हे सगळे माझे अनुमान. दूध पोटात गेलेले, पातेले घासलेले, मुलीला अग्नी दिलेला. रंजनाला तिची चूल परत मिळायची तर एकाच माणसाला तोंड उघडावे लागणार होते.

गोठ्याचे व्यवस्थापक हेमराजभाई यांनी आधी मला ताक पाजले.

“तुम्ही शास्त्राची माणसं, साहेब, आम्ही श्रद्धेची. दूध नष्ट केलं म्हणजे केलं.”

मी गोवऱ्यांनी भरलेल्या फरशीचा फोटो त्यांच्यापुढे ठेवला. मग दिपालीचे कार्ड ठेवले. त्यांनी ते दोनदा वाचले, पंखा बंद करायला सांगितला आणि कागद मागितला. त्या कागदाची एक प्रत समितीकडे आहे. दुसरी मी त्याच संध्याकाळी उधन्यात नेऊन मंगलाबाईंसमोर मोठ्याने वाचली. ती येथे जशीच्या तशी देतो :

‘दूध मातीत ओतणे पाप आहे आणि औषधाचे दूध विकता येत नाही, म्हणून मी ते उधन्याच्या वस्तीत वाटायला पाठवले. फुकटच्या दुधाबद्दल गरीब माणूस चौकशी करत नाही. माझ्या घरीही दूध याच गोठ्याचे येते; ते चार दिवस चहा कोराच होता. तसे मीच बायकोला बजावले होते.’