वाणातलं पायथॉन

विरारच्या मनवेलपाड्यातल्या एका सोसायटीत यंदा संक्रांतीला प्लास्टिकचे डबे आले नाहीत, की चहाची गाळणीही आली नाही. महिला मंडळाच्या अध्यक्षा संपदाताईंनी हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि वर एक जाडजूड पुस्तक दिलं, 'पंधरा दिवसांत पायथॉन'. पायथॉन म्हणजे कॉम्प्युटरला कामं सांगायची भाषा, हे त्यांनी छोट्याशा भाषणात समजावलं. पुस्तकं कुठून आली तेही अभिमानानं सांगितलं. त्यांच्या दिरांचं स्टेशनजवळ पुस्तकांचं दुकान होतं. जवळच्या कॉलेजनं हे पुस्तक लावणं बंद केलं आणि गठ्ठा तसाच पडून राहिला. कॉलेजनं ते का बंद केलं, हे कोणी विचारलं नाही. वाणाला कोणी असले प्रश्न विचारत नाही.

बाकीच्या बायकांनी पुस्तक तूर्त कपाटावर टाकलं. मीरा सावंतनं मात्र त्याच रात्री उघडलं. लग्नाच्या गडबडीत तिचा कॉम्प्युटरचा कोर्स अर्ध्यात सुटला होता आणि ते तिला अजून सलायचं. जवळच्या क्लासमध्ये रथसप्तमीनंतर नवी बॅच सुरू होणार होती. मीरानं स्वतःलाच अट घातली, तोवर हे पुस्तक जमलं तर क्लासला नाव घालायचं, नाही जमलं तर हा विषय कायमचा बंद. वर ही अट तिनं नवऱ्याला, रमेशला, सांगूनही टाकली, म्हणजे माघारीची सोयच ठेवली नाही.

सुरुवात झकास झाली. लेकीच्या जुन्या लॅपटॉपवर तिनं स्वतःचं नाव उमटवलं, दोन आकड्यांची बेरीज केली, आणि रमेशला अर्ध्या दाढीनिशी ओढून आणून दाखवलं. मग आलं पान एकतीस. दिलेली संख्या सम की विषम, ते सांगणारा प्रोग्राम. मीरानं अक्षरन् अक्षर उतरवून काढलं. कॉम्प्युटरनं चूक सांगणारी लाल ओळ दाखवली. पुन्हा टाइप केलं, पुन्हा लाल. मग रमेशनं मोठ्यानं वाचायचं आणि तिनं लिहायचं, असंही करून पाहिलं. लाल ते लालच.

"छापलंय म्हणजे बरोबरच असणार ना," रमेश म्हणाला. "तुझंच काहीतरी चुकत असेल."

तो बिचारा सहज बोलून गेला, पण मीराला लागलं. खरं म्हणजे तिलाही तेच वाटत होतं, म्हणून जास्त लागलं. आता आपलं डोकं चालायचे दिवस गेले, असं म्हणत तिनं पुस्तक मिटलं आणि त्या दिवशीच्या आमटीत मीठ दोनदा पडलं.

नको असलेल्या वाणाचं काय करायचं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. ते पुढच्या हळदीकुंकवाला दुसरीच्या ओटीत जातं. त्याच आठवड्यात मीरा सी विंगमध्ये गेली, तर वाणाच्या चकचकीत कागदातून निघालं 'पंधरा दिवसांत पायथॉन'. पलीकडच्या बिल्डिंगमध्ये गेली, तिथंही तेच.

"लायब्ररी काढतेस की काय?" रमेशनं विचारलं.

मीरा नुसतीच पानं चाळत बसली होती. सी विंगमधल्या प्रतीत पान एकतीसवर पेन्सिलीनं एका ओळीखाली रेघ मारलेली होती आणि पुढं प्रश्नचिन्ह. ती अडली होती तीच ओळ. दुसऱ्या प्रतीत पान एकतीसचा कोपरा दुमडलेला, आणि त्यापुढची पानं अगदी कोरी करकरीत. मीराला हसू फुटलं ते आवरेना. एकाच दगडाला तिघी ठेचकाळल्या तर दोष तिघींच्या पायांचा कसा? दगड काढायला हवा होता, आणि ती मात्र इतके दिवस स्वतःला नावं ठेवत बसली होती.

मग तिनं ती लाल ओळ पहिल्यांदाच नीट वाचली. पुढची ओळ आत सरकवलेली हवी, एवढंच ती सांगत होती. फोनवर दुसऱ्यांचे प्रोग्राम शोधले, तर सगळीकडे जरतरची अट घातली की तिच्या खालची ओळ थोडी आत. पुस्तकात मात्र कुणा शहाण्यानं पान टापटीप दिसावं म्हणून सगळ्या ओळी डाव्या काठाला एका रांगेत चिकटवल्या होत्या, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. म्हणजे लिहिणाऱ्यानं, छापणाऱ्यानं, कॉलेजात लावणाऱ्यानं, कोणीही एकदासुद्धा हे चालवून पाहिलं नव्हतं. मीरानं तशा ओळी आत सरकवल्या. सम, असं उत्तर आलं, आणि तिला चक्क रडू आलं.

रथसप्तमीला हळदीकुंकू तिच्या घरी होतं. संपदाताई पुढच्याच खुर्चीत बसल्या होत्या. वाणाला नावं ठेवायची म्हणजे देणारीला नावं ठेवणं, आणि तेही तोंडावर. तरी मीरानं विचारलंच, "पान एकतीसवर कोण कोण अडकलं?"

दोघीतिघी एकदम तिळगुळाच्या ताटाकडे वळल्या.

"मी तं उघडलंच नाय," खाडीकडच्या गावातून लेकाकडे राहायला आलेल्या धोंडूबाई म्हणाल्या. "पानी भरायचं पिंप डुगडुगत होतं, त्याच्याखाली सारलंय. बरं बसलंय."

तरी कोणी हसलं नाही. सगळ्यांचं लक्ष संपदाताईंकडे होतं. त्यांनी कुंकवाचा करंडा खाली ठेवला.

"मी अडकले," त्या म्हणाल्या. "दिवाळीपासून अडकलेय. घरी विचारायची लाज वाटली. म्हणून तर सगळ्यांना पुस्तकं वाटली. म्हटलं, इतक्या जणींत एकीला तरी येईल, मग तिच्याकडून गुपचूप शिकून घेऊ."

आता मात्र सगळ्या हसल्या, आणि पेन्सिलवाली कोण, कोपरा दुमडणारी कोण, तेही आपोआप कळलं. मीरानं तिळगुळाचं ताट बाजूला सारलं आणि टेबलावर लॅपटॉप उघडला.

"क्लासला मी उद्या नाव घालतेय," ती म्हणाली. "पण हे एवढं आत्ता दाखवते. या, संपदाताई, तुम्ही टाइप करा."

संपदाताई पदर खोचून लॅपटॉपसमोर बसल्या.