तिसऱ्या खुंटीवरचा नकार

मित्रांनो, हसणार नसाल तर सांगतो. मी एक जुना खुंट्यांचा गाडा आहे. नाव ऐकून तुम्हाला कपडे वाळत घालायची घोडी आठवली असेल, तर फारसं चुकलेलं नाही. वर एक लोखंडी दांडा, त्याला बारा खुंट्या, खाली पांढऱ्या कापडाची मोठी पिशवी आणि पायाला चार चाकं. चाकं इस्पितळातल्या एका मोडक्या गाडीची. म्हणून मी ढकलल्यावर अजून कण्हतो.

पूर्वी सिनेमा फितीवर असायचा. संकलन करणारी माणसं ती फीत कापत आणि हवी तशी जोडत. कापलेल्या तुकड्यांना चरे पडू नयेत म्हणून ते माझ्या खुंट्यांना अडकवत आणि त्यांची शेपटं खाली पिशवीत सोडत. हे माझं काम. दिसायला हमाली, पण रुबाब विचारू नका! एका राजाला मी अकरा दिवस टांगून ठेवलं होतं. एका जोडप्याचं लग्न माझ्या सातव्या खुंटीवर महिनाभर अडकलं होतं. खिडकीतून वारा आला की खून आधी आणि भांडण नंतर व्हायचं. एका खलनायकाने तर खाली उतरून माझी माफी मागितली होती. बरं, ते राहू द्या. ते थोडं फुगवलेलं आहे. पुढचं मात्र जसं घडलं तसंच सांगतो, कारण ते फुगवायची सोयच नाही.

आमच्या खोलीची मालकीण म्हणजे संकलन करणारी ताई. हातात पांढरे सुती हातमोजे, गळ्यात कात्री, आणि बोलणं कात्रीपेक्षा धारदार. तिच्याकडे एकदा युद्धाचा सिनेमा आला. दिग्दर्शक साहेब पहिल्याच दिवशी बारा चिठ्ठ्या घेऊन आले. जगातली प्रत्येक वीरकथा बारा पायऱ्यांनीच चढते, असं ते कुठेतरी शिकून आले होते. आधी नायकाचं घर, मग त्याला आलेली हाक, तिसरा त्याचा नकार, चौथा त्याला वाटेवर आणणारा गुरू, मग उंबरठा, पुढे अग्निदिव्य, आणि बाराव्या पायरीला तो अमृत घेऊन घरी परत. साहेबांनी माझ्या खुंट्या मोजल्या आणि टाळीच वाजवली.

"ताई, बारा! अगं, गाड्यालासुद्धा ठाऊक आहे!"

"लोहाराकडे बाराच खिळे उरले होते साहेब," ताई म्हणाली.

साहेबांनी तरीही प्रत्येक खुंटीला एक चिठ्ठी चिकटवली. मी मात्र फुशारलो. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी शास्त्र समजत होतं.

सिनेमा एका खऱ्या माणसावर होता. युद्धापूर्वी तो शाळेत शिकवायचा, म्हणून पलटणीत त्याला सगळे मास्तर म्हणत. युद्धाच्या शेवटच्या आठवड्यात त्याला हुकूम आला की नदीपलीकडच्या गावावर तोफा चालव, तिथे शत्रू लपलाय. मास्तरने दुर्बीण लावली आणि हुकूम नाकारला. तोफा मग दुसऱ्याने चालवल्या. मास्तरच्या खांद्यावरची हुद्द्याची फीत उतरवली, त्याला घरी हाकललं. बहिणीच्या मागच्या खोलीत तो नऊ वर्षं घड्याळं दुरुस्त करत बसला आणि एका शब्दानेही काही न सांगता वारला.

ही थोरली बहीण म्हणजे अक्का. गल्लीत तिला 'पळपुट्याची बहीण' म्हणत. नळावर तिची बादली मागे सारत, दुकानदार तिला शेवटी देई. भाऊ पळाला नव्हता, बडतर्फीच्या कागदावर लिहिल्याप्रमाणे त्याने नकार दिला होता, एवढं लोकांना कळावं, याच एका आशेवर तिने सिनेमाला परवानगी दिली. कागदावर सही करताना एकच अट घातली होती, 'त्याचं ते "नाही" तेवढं ठेवा.'

तो नकार प्रत्यक्ष ऐकलेला माणूस जगात एकच उरला होता. मास्तरशेजारी बसून निरोप पोचवणारा बिनतारीकाका. साहेबांनी त्याला सल्लागार म्हणून ठेवलं होतं. तो रोज आमच्या खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचा. त्याने सांगितलं तसाच प्रसंग चित्रित झाला. ताईने तो यंत्रावर लावला तेव्हा मी पाहिला. चिखलाने माखलेला मास्तर दुर्बीण खाली करतो आणि बिनतारी यंत्रात म्हणतो, "नाही. समोर दोरीवर दुपटी वाळतायत. माझ्या तोफा चालणार नाहीत." मग दूर पलीकडे एक दोरी, तिच्यावर लहान मुलांची दुपटी आणि लाळेरी.

काकाने टोपी काढून मांडीवर ठेवली.

ताईने तो तुकडा कापला आणि माझ्या अकराव्या खुंटीला लावला, कारण घडलं होतं ते शेवटीच. संध्याकाळी साहेब आले आणि वैतागले.

"नकार इथे काय करतोय? नकाराची जागा तिसरी!"

"साहेब, हा शेवटी झालाय. हाच तर शेवट आहे," ताई म्हणाली.

"शेवटी नायक नकार देत नाही ग. सुरुवातीला देतो, घाबरतो, गुरू कान उपटतो, मग वर चढतो. अख्खं जग या पायऱ्यांनी चढलंय."

स्टुलावरून काका हळूच म्हणाला, "साहेब, मास्तर चढला नव्हता. तो उतरला होता."

"काका, तुम्ही लढाई केलीत, मी सिनेमा करतोय. तुमचा चहा निवतोय बघा."

काकाने चहा घेतला. तिथेच त्याचं चुकलं, मित्रांनो. आणि माझंही. मी एखादी खुंटी तरी वाकवायला हवी होती. पण मला तर माझ्या चिठ्ठ्यांचा अभिमान!

तुकडा तिसऱ्या खुंटीवर आला. गणवेशावरचा चिखल दिसू नये म्हणून तोंड उघडण्याआधीचा फक्त चेहरा ठेवला. बोलण्याचा आणि दुपट्यांचा भाग कापून माझ्या पिशवीत गेला. नटाला बोलावून, ओठ दिसू नयेत म्हणून एका पाठमोऱ्या दृश्यावर, नवं वाक्य बोलून घेतलं, "नाही... मला नाही जमणार." शेवटी अकराव्या खुंटीवर मास्तर तोफा चालवतो, पलीकडे धूर उठतो, आणि बाराव्या खुंटीवर छातीला पदक लावून घरी येतो.

"अट मोडली आपण," ताई म्हणाली.

"कुठे? बाईंनी एक 'नाही' मागितलं होतं, मी दोन दिली."

ताईने कात्री टेबलावर आपटली. पण दुसऱ्या दिवशी तिनेच जोड मारले. इतके सफाईदार, की सांधा शोधून सापडू नये.

सिनेमा धो धो चालला. तिसऱ्या पायरीला लोक चुकचुकत आणि अकराव्या पायरीला उभं राहून टाळ्या पिटत. साहेबांना मोठा मान मिळाला. ते गावोगाव भाषणं देत फिरले आणि माझ्या बारा चिठ्ठ्यांचा फोटो सगळ्यांना दाखवत राहिले. माझी इतकी स्तुती कधीच झाली नव्हती.

महिन्याभराने अक्का आमच्या खोलीत आली. बरोबर काका होता, मान खाली घातलेला.

"आता मला नळावर सगळ्यात आधी पाणी देतात," अक्का म्हणाली. "दुकानदार काल उभा राहिला. म्हणतो, अक्का, तुमच्या भावाने शेवटी तोफा चालवल्या की हो! आम्ही उगाच नावं ठेवली."

ताईने हातमोजे काढले.

"कापलेलं ठेवता ना तुम्ही? मला तेवढं द्या. एकदा त्याच्या तोंडून ऐकायचंय."

ताई गुडघ्यांवर बसली आणि माझ्या पिशवीत कोपरापर्यंत हात घालून शोधू लागली. मी माझा तळ एवढा कधी ढवळून घेतला नव्हता. तुकडा सापडला. अक्काने तो खिडकीच्या उजेडात धरला. नखाएवढ्या चित्रांत उघडं तोंड, मग दोरी, मग दुपटी.

"यात बोलतो कुठे तो?"

"आवाजाची फीत वेगळी असते अक्का," ताई म्हणाली. "नको असेल तर ती पुसून पुन्हा वापरतो. त्या फितीवर... त्या फितीवर आम्ही शेवटच्या तोफांचा आवाज भरला."

अक्का काकाकडे वळली.

"दादा, तुम्ही ऐकलंय ना? तुम्ही म्हणून दाखवा. अगदी तसंच."

काका ताठ बसला. कानाला अदृश्य यंत्र लावावं तसा हात नेला, डोळे मिटले आणि म्हणाला, "नाही... मला नाही जमणार."

त्याने डोळे उघडले. पुन्हा मिटले. ओठ हलले, पण बाहेर तेच आलं. "अक्का, थांबा, हे नव्हतं. साहेबांबरोबर गावोगाव जाऊन वीसेक वेळा पाहिला मी तो... पण मला येत होतं. इतकी वर्षं येत होतं हो मला!"

"हे त्या नटाचं आहे दादा," अक्का म्हणाली. तिने फीत बोटाभोवती गुंडाळून रुमालात बांधली आणि निघून गेली. काका स्टुलावर ओठ हलवत बसून राहिला.

आता फितीही गेल्या आणि कात्र्याही. मी एका गुदामात गंजत पडलोय. चिठ्ठ्या अजून चिकटलेल्या आहेत, सुटता सुटत नाहीत. मला तेल घाला, रंग द्या, असं मी तुम्हाला सांगणार नाही. लोखंडाची एवढी काळजी करू नये. पण मित्रांनो, तुमच्या माहितीतला कुणी माणूस कधी काळी ठामपणे 'नाही' म्हणाला असेल, तर त्याच्याकडे आजच जा. त्याचं वाक्य त्याच्याच तोंडून, कारणासकट, शेवटपर्यंत ऐकून घ्या आणि घरी येऊन कुणाला तरी जसंच्या तसं सांगा. ते आमच्यावर सोपवू नका. आम्हाला फक्त टांगता येतं.