जवारीचा दोरा

तलासरीहून आलेल्या एसटीतून मुक्ता उतरली. पाठीवर तिच्या डोक्याच्याही वर गेलेली काळी पिशवी. मागून कंडक्टरने आवाज दिला, "ताई, पुढच्या वेळी त्याचं पण तिकीट काढा हां! खिडकीची सीट अडवून आलाय!"

मी आशागडच्या स्टॉपवर तिला न्यायला गेलो होतो. हसलो आणि पिशवी तिच्या पाठीवरून उतरवून घेतली. ह्याच रस्त्याने, अशाच गाडीतून, आमच्या अहिल्यावहिनी गोधडीत गुंडाळलेला तंबोरा मांडीवर घेऊन यायच्या. कंडक्टर म्हणायचे, "बाळाचं अर्धं तिकीट लागेल, मावशी."

मुक्ता वहिनींची लेक, माझी पुतणी. तलासरीला शाळेत शिकवते. तिचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधू अण्णा, कीर्तन करायचे. डोंगरातल्या पाड्यांपासून समुद्राकाठच्या झाईपर्यंत त्यांना बोलावणी असत. झाईला समोर बसलेल्या निम्म्या माणसांची बोली गुजराती, मग अण्णा आख्यान रंगात आलं की मधेच थांबून विचारायचे, "समज्या के?" आणि अख्खा मांडव ओरडायचा, "समज्या, समज्या!" अण्णांच्या मागे तंबोऱ्यावर कायम वहिनीच. पेटीवाले बदलले, तबलजी बदलले, तंबोरा काही दुसऱ्या हातात गेला नाही.

गेल्या वर्षी अण्णा गेले. त्याच पावसाळ्यात ओल लागून तंबोऱ्याचा भोपळा तडकला. वहिनी एवढंच म्हणाल्या, "बरं झालं. सोबतीला गेला." त्या दिवसापासून त्या कीर्तनाला बसल्या नाहीत. देवळात गजर सुरू झाला की घराच्या मागच्या पडवीत जाऊन वाती वळत बसायच्या.

आता रविवारी अण्णांच्या वर्षश्राद्धाचं कीर्तन होतं. उभी राहणार होती त्यांची शिष्या, बोर्डीची कविताताई. मुक्ताच्या मनात एकच होतं: त्या दिवशी आई मागे बसायला हवी. तंबोरा तर आता बोलणार नाही. कॉलेजात असताना ती मैत्रिणीची गिटार वाजवायला शिकली होती. तिने नवी इलेक्ट्रिक गिटार मागवली. "मी सूर धरीन, काका. सूर ऐकून तरी ती पडवीतून पुढे येईल."

घरी आल्यावर गिटार बाहेर काढली. वहिनींनी चष्मा लावून ती उलटसुलट पाहिली.

"ह्याला पोट कुठाय?"

"पोट नसतं, आई. भरीव लाकूड आहे."

"पोटच नाही, मग सूर ठेवतो कुठे?"

"वायरीत," मी म्हणालो.

"भावोजी, तुम्ही गप्प बसा." आणि त्या वातींकडे परत गेल्या.

मुक्ताने वायर सोबतच्या छोट्या स्पीकरला जोडली आणि तारा छेडल्या. जाड तारांमधून डब्यात माशी अडकल्यासारखा खर्र आवाज आला. तिचं तोंड उतरलं. जवळपास गिटार दुरुस्त करणारा कुणी नाही. मुंबईला न्यायची तर रविवार हातचा जाणार.

"आण इकडे," मी म्हणालो. "उभा जन्म रुळांची देखभाल केलीय. हे काय, सहा रूळ आणि बावीस स्लीपर!"

खाटेवर गोधडी पसरली, गिटारच्या मानेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली. लाइनवर असताना आम्ही रुळाला गाल टेकवून नजर लांबवर टाकायचो. कुठे वाक आला असेल तर दिसतोच. तसाच डोळा मी गिटारच्या मानेवरून टाकला. मान मागे झुकली होती. एक तार पहिल्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्टीवर, आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरली, तर मध्ये कागदसुद्धा जाईना. तिथे जराशी फट हवी, असं मुक्ताने मोबाइलवर वाचून दाखवलं. मानेच्या आत लोखंडी कांब असते, ती सैल केली की तारांच्या ताणाने मान पुढे येते. सोबत आलेल्या सहाकोनी ॲलन कीने ती हळूच थोडीशी फिरवली.

"अजून फिरवा ना, काका."

"घाई नको. लोखंडाला वेळ द्यावा लागतो. जेवून घेऊ."

जेवण झाल्यावर परत सूर लावला, परत पाहिलं, परत किंचित फिरवलं. मग फ्रेटच्या कडांवरून कापूस ओढला. जिथे अडकला तिथे बारीक पॉलिश पेपर मारला. वायर खोचायच्या भोकाचा नट ढिला होता, तो आवळला. खाली प्रत्येक तार टेकायला स्वतःची छोटी घोडी, तिला उंची कमी-जास्त करायचे स्क्रू. तेही लावले. खरखर पार गेली. गिटार अशी वाजायला लागली, की स्टेशनवरच्या नव्या घंटेलाही लाज वाटावी.

मुक्ता पडवीकडे बघत राहिली. वहिनी आल्या नाहीत. आतूनच म्हणाल्या, "स्वच्छ आहे हो. दवाखान्यासारखं."

रविवारी दुपारी आम्ही देवळात सतरंज्या घालून आलो. मुक्ताने गिटार काढली आणि किंचाळली, "काका! मधली तार मेली!"

खरंच. बाकीच्या पाच ठणठणीत, आणि मधली एक ठक्क. पाटावर बोट मारावं तसा आवाज. मी परत गाल टेकवला. मान सरळ. फ्रेट ठीक. खुंटी घट्ट. नट घट्ट. तार गंजली म्हणावं तर कोरी करकरीत.

"हवा लागली का हो? खारी हवा?"

"एकाच तारेला लागेल का, वेडे?"

मग मी बॅटरी घेऊन घोडीपाशी वाकलो. तारेखाली काहीतरी पांढरं होतं. नखाने ओढलं, तर हातात आला कापसाचा वळलेला धागा. वातीचा.

मी तो मुक्तासमोर धरला. तंबोऱ्याच्या तारेखाली घोडीवर असा दोरा सरकवतात. नेमक्या जागी बसला की तार नुसती वाजत नाही, गुणगुणायला लागते. त्याला जवारी म्हणतात. कीर्तन चालू असताना अण्णा मान न वळवता म्हणायचे, "अहिल्याबाई, तार बोलत नाहीये हं." सगळा मांडव थांबायचा. वहिनी नखाने दोरा केसभर सरकवायच्या, तार गुंजायची, आणि अण्णा जिथे थांबले त्याच शब्दावरून पुढे जायचे.

तंबोऱ्याची घोडी रुंद, सपाट. गिटारची अणकुचीदार. तिथे दोरा ठेवला तर तार मुकीच होणार. वहिनींना ते कुठून माहीत असणार? पण आम्ही देवळात होतो, तेव्हा त्या पडवीतून उठल्या होत्या, हे त्या दोऱ्याने सांगितलं.

वहिनी दारात उभ्या होत्या. "बिघडवलं ना मी? मला वाटलं... एवढं कोरडं बोलतंय बिचारं."

मुक्ताने डोळे पुसले. ॲलन की घेऊन तिने मधल्या तारेच्या घोडीचा स्क्रू खाली घ्यायला सुरुवात केली. जी खरखर आम्ही काल घालवली होती, तीच ती आता परत बोलावत होती. तार फ्रेटच्या जवळ जवळ गेली, आणि एका जागी तिला कंठ फुटला. माशी नव्हे, भुंगा.

"थांब!" वहिनी म्हणाल्या. "अगं, पुढे गेलीस. परत ये जरा. जरा... हां. आता बोलली."

त्या खाटेवर बसल्या. मुक्ताने तारा सा आणि पंचमात लावून गिटार त्यांच्या हातात दिली. वहिनींनी ती आडवी धरलीच नाही. तंबोऱ्यासारखी उभी केली, मान खांद्याला टेकवली आणि डोळे मिटून एकेक तार सोडली. मुक्ता "आई, अशी नाही" म्हणणार होती. मी तिच्या हातावर हात ठेवला.

"ही वायर माझ्या पदरात नाही ना गुंतणार?" वहिनींनी डोळे न उघडता विचारलं.

संध्याकाळी कविताताई उभी राहिली. तिच्या मागे वहिनी, मांडीवर लाल चकचकीत गिटार उभी, आणि शेजारी मुक्ता झांज घेऊन. पोरं खुसखुसली, म्हाताऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. नमन सुरू झालं, तसे सगळे गप्प झाले. उत्तररंगात कविताताई मधेच थांबली. मान न वळवता म्हणाली, "काकू, तार बोलतेय ना?"

"बोलतेय," वहिनी म्हणाल्या. "तू बोल पुढे."

आरती झाली, प्रसाद वाटून झाला. मी सतरंज्या गोळा करत होतो. वहिनी अजून तिथेच बसल्या होत्या, पदराच्या टोकाने एकेक तार वरून खाली पुसत.

"राहू द्या वहिनी, मुक्ता पुसेल."

"खारी हवा आहे, भावोजी," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या एकादशीला हिला परत आणायचंय."