डोळे उघडायचं काम

यावलच्या बसस्टँडमागे चुडामण पेंटरचं दुकान होतं. पाटीवर मोठ्या अक्षरात ‘चुडामण आर्ट्स’ आणि खाली बारीक अक्षरात ‘दुकानाच्या पाट्या, ट्रॅक्टरची नावे, मयतांचे फोटो’. तिन्हीत तिसरं काम जास्त. पाटी एकदा रंगवली की कितीतरी वर्षं बघायला नको. माणसं मात्र दर हंगामात मरतात.

चित्रकलेच्या शाळेचं तोंड त्याने पाहिलं नव्हतं. भुसावळला टॉकीजबाहेर पोस्टर रंगवणाऱ्याच्या शिडीखाली उभं राहून, अंगावर रंगाचे थेंब झेलत तो जे शिकला ते शिकला. त्याच्या बायकोने, कुंदाबाईने, तर तेवढंही पाहिलं नव्हतं. तरी फोटोतला जीव म्हणतात तो तिच्या हातचा असायचा.

तेव्हा खेड्यातला माणूस जिवंतपणी फोटो काढायला जात नसे. मेला की मग घरच्यांची धावपळ. स्टुडिओवाल्याला बोलवायचं, मयताला खुर्चीत बसवायचं, डोक्याला फेटा गुंडाळायचा, मान पडू नये म्हणून मागून एकाने चादरीआड धरून ठेवायचं, आणि फोटो काढायचा. तो फोटो मग चुडामणकडे यायचा. नाकात कापूस, जबडा सैल, डोळे मिटलेले. चुडामण पेन्सिलीने चौकटी आखून तो हार्डबोर्डवर मोठा करायचा. कापूस काढायचा, जबडा आवळायचा, ज्याने जन्मात कोट पाहिला नाही त्यालाही कोट घालायचा. डोळ्यांपाशी आला की ब्रश खाली ठेवायचा.

“मला मेलेल्याच्या डोळ्यात डोळे घालवत नाहीत,” असं त्याने लग्नाच्या पहिल्याच वर्षी कबूल केलं होतं. कुंदाबाईचं माहेर धुळ्याकडचं. तिकडे श्रावणात कानबाई बसते, तेव्हा देवीच्या नारळाला डोळे काढायचं काम लहानपणापासून तिच्याकडे असायचं. ती म्हणाली, “द्या इकडे. नारळाचे काढते, माणसाचे काय जड आहेत?”

तेव्हापासून तशीच वाटणी झाली. ती बोर्डाच्या अलीकडे बसायची, तो पलीकडे स्टुलावर चिंधीने ब्रश पुसत. ती घरच्यांना विचारायची, रागावला की कुठे बघायचा, नातवाला घेतला की कसा बघायचा. ऐकून घ्यायची, मान वर करून थोडा वेळ नुसतीच समोर बघत राहायची, मग खारीच्या केसांच्या ब्रशने उजवा डोळा काढायची, मग डावा. सगळ्यात शेवटी बुबुळात पांढरा ठिपका. ठिपका पडला की मेलेला माणूस बघायला लागायचा.

“उघडला का?” चुडामण पलीकडून विचारायचा.

“उघडला.”

मगच तो उठून बोर्डाच्या या बाजूला यायचा.

शेजारी शालिग्रामचं काचफ्रेमचं दुकान. फोटो तिथेच मढवले जायचे. तो एकदा म्हणाला होता, “वहिनी, राग नका मानू, पण तुमचे सगळे मयत एका आईचे वाटतात.”

“मेल्यावर सगळी भावकीच की हो, शालिग्रामभाऊ,” असं म्हणून तिने उडवून लावलं होतं.

रविवारी सकाळी टीव्हीपुढे अख्खं गाव गोळा व्हायचं, ते दिवस होते. त्या वर्षी पौषात चुडामण गेला. पाटी रंगवायला शिडीवर चढला, छातीत कळ आली, खाली उतरून शिडी भिंतीला नीट टेकवून ठेवली आणि तिथेच बसला. उठला नाही. लोक म्हणाले, स्टुडिओवाल्याला बोलवा. कुंदाबाई म्हणाली, “खुर्चीत नाही बसवायचं त्यांना.”

तिच्या ट्रंकेत दोघांचा एक फोटो होता, भुसावळच्या स्टुडिओतला. स्टुडिओवाले आपल्या पोटावर पाय देतात म्हणून चुडामणचा त्यांच्यावर जुना राग. बायकोच्या हट्टापायी गेला, ताठ उभा राहिला, आणि नेमक्या वेळी डोळे मिटले. फोटोत कुंदाबाई टक लावून बघते आहे आणि शेजारी नवरा उभ्याने झोपलेला आहे. ती त्याला कितीदा तरी हसली होती त्यावरून.

आता हसू येईना. कारण आखाजी तोंडावर आली होती.

घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नवी घागर भरतात. वर डांगर म्हणजे खरबूज, आंबा, सांजोरी, पुरणाचा नैवेद्य. त्या दिवशी गेलेला माणूस घरी पाणी प्यायला येतो म्हणतात. घागरीमागे फोटो हवाच असं कोणत्या पोथीत नाही. पण एका घराने ठेवला, मग दुसऱ्याने, आणि निम्म्या तालुक्याला ती सवय लावणारं दुकान ह्यांचंच. आता पेंटरच्याच घागरीमागे भिंत दिसली तर गावाला काय तोंड दाखवायचं?

गावाचं एकवेळ सोडा. घरात धुरपदाबाई होती, चुडामणची आई. डोळ्यांत मोतीबिंदू, पण जीभ शाबूत. तिने एकच धरून ठेवलं होतं.

“कुंदे, माह्या पोराले आंधळा बसवू नको व. घागर कुठी ठेवली ते त्याले दिसलं पाहिजे. साऱ्या गावाचे डोये उघडले तुनं. माह्याच पोराचे तेवढे राह्यले का?”

“काढते हो, आत्याबाई.”

तिने चौकटी आखल्या. कपाळ, नाक, डाव्या भुवईतली जखमेची खूण, कानाच्या पाळीवरचे केस, सगळं जमलं. कोट घातला नाही. बाह्या दुमडलेला तोच शर्ट, खिशावर निळ्या रंगाचा डाग. मग ती डोळ्यांपाशी आली, सवयीने मान वर केली, आणि समोर स्टूल रिकामं होतं. मागच्या भिंतीवर खताच्या कंपनीचं कॅलेंडर.

हात चालला, पण डोळे आले ते पोरांच्या खेळण्यातल्या गोट्यांसारखे. पुसले. पुन्हा काढले, पुन्हा गोट्याच. टर्पेंटाइनच्या वासाने दुकान भरून गेलं आणि बोर्डवर नुसता कातडीच्या रंगाचा सपाट पट्टा राहिला. त्यावर तिने जुन्या लुगड्याचं फडकं टाकलं. भर दुपारी, समोर स्टँडवर कंडक्टर फैजपूर-फैजपूर ओरडत असताना, फडक्याच्या पलीकडून तिने स्पष्ट ऐकलं:

“उघडला का?”

“नाही,” ती म्हणाली. आणि मग दाराकडे बघितलं, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

नवऱ्याचे डोळे आपल्याला आठवत नाहीत, हे कोणाला सांगायचं? ती स्वतःशीच हिशोब लावत बसायची. सकाळी चहा देताना त्याची नजर कपात. जेवताना ताटात. चार माणसांत तो बायकोकडे बघणाऱ्यातला नव्हता. आणि काम करताना तर तिची नजर मेलेल्यांवर. म्हणजे एवढ्या संसारात नवरा आपल्याकडे कधी बघतच नव्हता, की आपण बघितलं नाही?

अशात माहेरच्या ओळखीतून धुळ्याहून निरोप आला. बेबाबाई नावाच्या बाईचा नवरा, हिलाल, दोन वर्षांपूर्वी वारला होता. ह्यांच्याच दुकानातून नेलेल्या त्याच्या फोटोला ओल लागून बुरशी धरली होती, येऊन साफ करून द्या. कुंदाबाईने डबा-ब्रश पिशवीत घातले आणि एसटी धरली.

बेबाबाईने तिला पाणी दिलं आणि फोटो भिंतीवरून उतरवून मांडीवर आणून ठेवला. कुंदाबाईने काच बाजूला केली, कोटावरची बुरशी ओल्या कापसाने टिपली. मग नजर वर गेली आणि हात थांबला.

हिलालच्या चेहऱ्यावर चुडामणचे डोळे होते.

थोडे बारीक केलेले, उजवा किंचित जास्त मिटता, कडेला हसू येऊ घातलेलं आणि आलेलं नाही. समोरचं माणूस कामात गढलं आहे, त्याला आपण बघतो ते कळायला नको, अशा बेताने बघणारे.

बेबाबाई दाराकडे पाहून, आवाज खाली करून म्हणाली, “बहीन, एक इचारू? मना नवरा लई तापट व्हता. मनाकडे त्यानी असं कधी दखं नही. बठ्ठा जनम गया. नि आते रोज सकायले चहा ठेवस, तं हाऊ मनाकडे असा दखस…” तिने पदर तोंडाला लावला. “पैल्यांदा भ्याव वाटे. आते वाटत नही.”

“बदलून देऊ का?” कुंदाबाईने विचारलं.

“नको, माय! हात नको लावू. फक्त सांग, हाऊ कोन शे?”

कुंदाबाईने काच पुसली, परत बसवली, मागचे खिळे ठोकले. मग म्हणाली, “भला माणूस आहे. राहू द्या.”

परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून ती डोळे मिटून होती. उघडले तर ती नजर सांडेल म्हणून. घरी येऊन पाय न धुता बोर्डापुढे बसली. यावेळी हात अडला नाही. उजवा, डावा, ठिपका. चुडामण तिच्याकडे बघायला लागला.

मग तिने बोर्ड उचलून धुरपदाबाईपुढे धरला. म्हातारी उजेडात सरकली, नाक जवळजवळ बोर्डला लावून डावीकडून उजवीकडे बघत गेली.

“कोण व हा?”

“आत्याबाई, हे काय, तुमचा चुडामण.”

“नाही. कपाय माह्या पोराचं हाये, नाक हाये. डोये कोणाचे लावले? माहा पोरगा असा कुठी पाहे? हा तं कोणी परका बाप्या दिसतो, बाईमाणसाकडे पाहू राह्यला.”

कुंदाबाईच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. ह्या वयात. आईला ही नजर ओळखीची असायचं कारणच नव्हतं. ती तिच्यासाठी नव्हतीच. त्याने ती बोर्डाच्या आड बसून वापरली होती, आणि बायकोने न कळता ती उचलून गावोगावच्या भिंतींना वाटून टाकली होती.

तिने टर्पेंटाइनची चिंधी घेतली आणि डोळे पुसले. ते पुसताना त्या डोळ्यांनी तिच्याकडे बघायचं काही सोडलं नाही.

आखाजीच्या सकाळी ती हार घ्यायला बाजारात निघाली. सणाचा दिवस, दारं सताड उघडी. दारादारातून नव्या घागरी दिसत होत्या आणि घागरींमागे भिंतीवरून उतरवलेले फोटो. पहिल्या घरात सावद्याला मास्तर असलेले नाना. फेटा नानांचा, मिशी नानांची, आणि नजर सरळ रस्त्यावर, तिच्यावर. पुढच्या घरात झुलाल तेली, तोच. त्याच्या पुढच्या घरात म्हातारी शेवंताबाई, नाकात नथ, आणि नथीच्या वर तोच, उजवा डोळा जरा बारीक. ती पावलं भराभर टाकू लागली तशी दारं भराभर येऊ लागली. चुडामण प्रत्येक घरात तिच्यासाठी उठून बसला होता. कामात आहे, कळायला नको, असा बघत होता. हार न घेताच ती गल्लीच्या तोंडावरून परत फिरली. परतताना पुन्हा तीच सगळी दारं.

घरी आल्यावर तिने दार लोटलं. एका जागी उभी राहून धाप जिरवली. मग बोर्ड घेतला, ब्रशवर तपकिरी रंग घेतला आणि सपाट पट्ट्यावर दोन बाकदार रेघा ओढल्या. खाली पापण्यांचे केस. भुसावळच्या फोटोत होत्या तशाच. ठिपका दिलाच नाही.

शालिग्राम दारात आला, फ्रेम हातात. बघून मागे सरकला. “वहिनी, अहो, मिटल्या डोळ्यांचा फोटो मढवत नसतो कोणी. आजवर मी एक मढवला नाही. अशुभ मानतात.”

“उघडे डोळे त्यांचे गावभर आहेत, शालिग्रामभाऊ. तुम्हीच मढवलेत सगळे.”

त्याची मान हळूच त्याच्या दुकानाकडे, तिथून समोरच्या घराच्या उघड्या दाराकडे वळली. त्याने फ्रेम आडवी केली आणि बोर्ड आत सरकवला.

फोटो भिंतीला टेकवला. धुरपदाबाई गुडघ्यांवर सरकत पुढे आली. पुन्हा नाक काचेला लागेपर्यंत वाकली. कुंदाबाई घागर कमरेवर घेऊन मागे उभी होती.

म्हातारीने काचेवरून बोट फिरवलं. भुवईवरून खाली, पापणीवर आणून थांबवलं.

“असाच झोपे,” ती म्हणाली. “लहान होता तवा. भुवई उचलून.” तिने बोट हळूच मागे घेतलं. “झोपला का व?”

“हो, आत्याबाई. झोपले.”

“मंग घागर टेकवताना वाजवू नको.”