पूर्ण दाबल्याशिवाय

माझ्या जावयाच्या डाव्या कानाची पाळी अशी चपटी का झाली, ते मी सांगते. तो बाहेर कुत्रं चावलं म्हणून सांगत फिरतो. कुत्रं कसलं चावतंय त्याला! कुत्र्यालाही आवडनिवड असते.

एकतीस वर्षं मी वायरिंगच्या कारखान्यात टर्मिनल दाबली. वायरचं टोक सोलायचं, त्यावर पितळेचं इवलंसं टर्मिनल बसवायचं आणि क्रिम्परच्या, म्हणजे पक्कडीसारख्या हत्याराच्या, जबड्यात धरून दाबायचं, की तार आणि पितळ एकजीव. निवृत्त झाले, गुडघे गेले, पण हातांना स्वस्थ बसवेना. म्हणून आता घरी रिमोटवर चालणाऱ्या बोटी बनवते, चांगल्या हातभर लांब. त्यासाठी क्रिम्पर घेताना मी चार दुकानदारांचं डोकं खाल्लं. मिटलेल्या जबड्यातून उजेड दिसला, की परत. दांड्या हलवल्यावर खुळखुळ वाजलं, की परत. शेवटी घेतला तो असा, की एकदा दाबायला लागलं की टक टक करत दात पुढे सरकतात आणि सातवी टक झाल्याशिवाय जबडा उघडतच नाही. अर्धवट कामाची सोयच नाही त्यात. वायर वाकडी बसली तर सोडवायला दोन दांड्यांच्या मध्ये, पार आत, एक बारीक खटका असतो. माहीत नसेल तर बापजन्मात सापडायचा नाही.

माझ्या लेकीला तो माहीत होता. आठ वर्षांची असताना माझ्या जुन्या क्रिम्परवर शिकली ती. पण निम्म्यावर आलं की हात दुखायचा, आणि बाईसाहेब हळूच खटका ओढून मोकळ्या. “बास की आई एवढं,” म्हणायची. “ओढून बघ!” मी ओरडायचे. ओढलं की वायर हातात.

लग्नानंतरही तिचं तेच. तीनदा नवऱ्याचा मार खाऊन माझ्याकडे आली. एकदा ओठ फाटलेला, एकदा बरगडी मोडलेली, आणि एकदा केस उपटून निघालेली जागा मी माझ्या हातांनी धुतली. तीनदा तो दारात येऊन रडला आणि तीनदा ही त्याच्यामागून गेली.

चौथ्यांदा कशावरून आली ते ऐका. यानं स्कूटरच्या बॅटरीचं टर्मिनल पक्कडीनं चेपलं होतं. माझ्याकडे आण, नीट दाबून देते म्हटलं, तर म्हणे, “तुमची थेरं तुमच्यापाशी ठेवा.” वायर भर रस्त्यात निसटली आणि चार लोक हसले. तो राग यानं घरी येऊन काढला. हिचा डावा हात चौकटीत धरला आणि दार लावलं. दोन बोटं मोडली.

अकरा दिवस ती पट्टी बांधलेल्या हातानं माझ्यासमोर बसून वायरी सोलत होती. परत जाणार की नाही, अवाक्षर काढत नव्हती. मला एकच धास्ती. तो येणार, रडणार, ही जाणार, आणि पुढच्या खेपेला मला हिचं मढं बघायला बोलावणार.

बाराव्या दिवशी दुपारी तो आला. या वेळी रडला नाही. लाथ घालून कडी उखडली, टेबलावरची बोट भिंतीवर आपटली आणि हिच्या केसांना हिसडा देऊन हिला खुर्चीतून खाली पाडलं. फरफटत न्यायला लागला. हिनं माझ्या खुर्चीचा पाय दोन्ही हातांनी धरून ठेवला, मोडलेल्या बोटांनीसुद्धा. “सोड! सोड म्हणतो ना!” ती बोटं उलगडायला तो खाली वाकला, आणि त्याचा कान आला माझ्या मांडीपाशी. मला उठता येत नव्हतं. हातात क्रिम्पर होता, जबडा उघडा.

विचारबिचार काही केला नाही. पाळी धरली आणि दाबलं. टक. टक. टक. टक.

बाई गं, काय किंचाळला! कोपर माझ्या तोंडावर बसलं, पुढचा दात तुटला, खुर्चीसकट मी जमिनीवर, मनगट अंगाखाली. पण क्रिम्पर होता तिथंच होता, त्याच्या कानाला लोंबकळत. त्यानं हिसका दिला. कातडी फाटली, रक्ताचा ओघळ कॉलरमध्ये गेला, जबडा मात्र हलला नाही. उघडेल म्हणून त्यानं दांड्या दाबल्या. पाचवी टक.

“ओढून बघा, जावईबापू,” मी जमिनीवरून म्हणाले. “चांगलं हत्यार आहे.” तोंडात रक्त होतं, पण मला बोलल्याशिवाय राहवतं थोडंच!

त्यानं माझ्या कुशीत लाथ घातली. ती घालताना क्रिम्पर हिंदकळला आणि तोच कळवळून गुडघ्यांवर बसला. मग आलं रडू.

“तुला येतं ना हे?” हिला म्हणाला. “सोडव गं. तुझी शपथ, परत हात नाही लावणार. चल, आपण घरी जाऊ.”

मागच्या तिन्ही खेपांना हेच शब्द होते. काना-मात्रेचा फरक नाही.

ती उठली. त्याच्यासमोर बसली, शेंबड्या पोराची धरावी तशी त्याची हनुवटी धरली आणि म्हणाली, “हलू नको.” उजव्या हाताचं बोट दांड्यांच्या मध्ये घातलं, नेमकं खटक्यावर. माझं काळीज फाटलं. ओरडायला छातीत दम नव्हता. मी डोळे मिटले. गेली, म्हटलं, माझी पोर गेली.

“आई,” ती म्हणाली, “किती राहिल्यात?”

मी डोळे उघडले. तिनं बोट खटक्यावरून काढलं होतं.

“दोन,” मी म्हणाले.

तिनं दोन्ही दांड्या दोन्ही हातांत धरल्या. पट्टीतली बोटं पांढरीफटक पडली, ती स्वतःच कण्हत होती, पण हात सैल सोडला नाही. टक. तो गुरासारखा ओरडला, तिच्या दंडाला बोचकारलं. टक. मग जबडा आपोआप उघडला.

तो एक चप्पल इथंच टाकून पळाला. हिनं टेबल ढकलून दाराला लावलं, पोलिसांना फोन केला, पत्ता नीट दोनदा सांगितला. मग स्पिरिटनं जबडे पुसले, एक वायर सोलली, टर्मिनल दाबलं आणि दातओठ खाऊन ओढलं. निघालं नाही.

“जबडे वाकले नाहीत,” ती म्हणाली. मग माझ्यापाशी जमिनीवर बसली, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि अकरा दिवसांचं रडली. “मी आता नाही जायची, आई.”

एरवी मी दहादा खोदून विचारलं असतं. या वेळी नाही विचारलं.

“बरं,” म्हटलं. “आधी माझा दात शोध. टेबलाखाली गेलाय कुठंतरी.”